फाइली राहिल्या, अक्षरं गेली: रीसेट करावं की वरून विंडोज टाकावं?

विंडोजमधली मूळची ॲप्स कुणीतरी उत्साहानं काढून टाकली आहेत आणि आता मशीन अर्धं चालतंय, अर्धं नाही, अशा अवस्थेत तुम्ही हे वाचत असाल, तर फॉरमॅटवाल्याला फोन लावायच्या आधी एक रात्र थांबा. मी दोन मशीनं यातून बाहेर काढली आहेत. एक रीसेट करून, दुसरं वरून विंडोज टाकून, म्हणजे चालू विंडोजवरच तेच पुन्हा टाकून. दोन्ही आजही चालू आहेत, त्यामुळे अमुक उपाय चूक असं मी म्हणणार नाही. पण दोन्हींतला फरक मला जिथं टोचला ती जागा कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नव्हती, म्हणून हा खटाटोप.

सांगलीत मारुती चौकाच्या मागं माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हळदीच्या आणि बेदाण्याच्या अडत्यांची बिलबुकं, लेटरहेड, आणि श्रावण लागला की गणेश मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तकं. दुकानात दोन मशीनं. आतल्या टेबलावर डिझाइनचं, आणि काउंटरवर एक लॅपटॉप, ज्यावर ऑनलाइन फॉर्म भरणं आणि किरकोळ टायपिंग चालतं. टायपिंगला एक काकू येतात. रेमिंग्टनचा हात, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांची सवय, मान वर न करता टाइप करतात.

२०२४ च्या श्रावणात पुतण्या सुट्टीला आला होता. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. दोन दिवस तो दुकानात बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काका, मशीनं किती रखडत्यात. फालतू ॲप्स भरलीत सगळी. हलकी करून देतो बघा." कुठूनशी एक स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची तयार यादी, उतरवली, पॉवरशेल ही कमांड द्यायची खिडकी ॲडमिन म्हणून उघडली आणि रात्री आठ ते साडेआठ एवढ्या वेळात दोन्ही मशीनं हलकी झाली. खरंच झाली, हे मान्य करायला हवं. स्टार्ट मेनू पटकन उघडायला लागला. मी त्याला भडंग खायला घातलं.

सकाळी पहिल्या मंडळाच्या पोरानं व्हॉट्सॲपवर गणपतीचा फोटो पाठवला. डबल क्लिक केलं, तर ही फाइल कशात उघडू असं मशीन मलाच विचारायला लागलं. कॅल्क्युलेटर दाबला तर म्हणे, ही लिंक उघडायला नवीन ॲप लागेल. कॅल्क्युलेटरची लिंक! विंडोज सिक्युरिटीचंही तेच. स्टोअर गायब, त्यामुळे नवीन ॲप आणायचं दुकानच बंद. बिलिंगच्या प्रोग्रॅमची लॉगिनची खिडकी पांढरीफटक, आत काहीच नाही.

ही शेवटची गोष्ट उमगायला मला अर्धा दिवस लागला, म्हणून सांगून ठेवतो. एज काढताना अशा स्क्रिप्ट बऱ्याचदा वेबव्ह्यू२ सुद्धा उपटतात. एज हा ब्राउझर आहे, आपण वापरत नाही, गेला तर गेला. पण वेबव्ह्यू२ हे त्याच इंजिनाचं दुसरं रूप, आणि कितीतरी प्रोग्रॅम आपली खिडकी त्याच्याकडून रंगवून घेतात. विजेट्स, नवं आउटलुक, शिवाय बाहेरचे भरपूर. युरोपात २०२४ पासून नव्या कायद्यामुळं एज अधिकृतपणे काढता येतं, पण तिथंसुद्धा वेबव्ह्यू२ जागेवरच ठेवतात. पुतण्याचं म्हणणं होतं, "एज कोण वापरतंय काका?" त्याचा प्रश्न बरोबर होता. मी वापरत नव्हतो, माझं बिलिंग वापरत होतं.

हे फक्त विंडोजवाल्यांच्या नशिबात असतं असंही नाही. २०२१ मध्ये एका नामांकित यूट्यूबरनं पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप टाकायला जाऊन अख्खा डेस्कटॉप उडवला होता. मशीन विचारत होतं, खरंच करू का, आणि त्यानं हो लिहून दिलं. आमच्या पुतण्याला तर मशीननं विचारलंही नव्हतं.

आता उपायांकडे. आधी छोटे उपाय पटकन संपवतो.

सिस्टिम रिस्टोअरचा पॉइंट, म्हणजे मशीनची आधीची जपून ठेवलेली अवस्था, असेल तर तो वापरून बघा, बाकी काही वाचू नका. माझ्याकडं नव्हता. बऱ्याच मशीनांवर हे बंदच असतं आणि ते बंद आहे हे त्याच दिवशी कळतं.

एसएफसी आणि डिझम या विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड सगळे सांगतात. मीही चालवल्या. डिझम इंटरनेटवरून चांगल्या फाइली आणतं, एसएफसी त्या फाइलींशी पडताळून बघतं, असा दोघांचा जोडीचा कारभार आहे, म्हणून डिझम आधी चालवायचं. माझ्या मशीनवर एसएफसीनं शंभर टक्के तपासून निर्वाळा दिला की कुठंही काही गडबड नाही. फोटो उघडत नव्हते, स्टोअर नव्हतं, आणि हे म्हणतंय सगळं ठीक! कारण असं की फोटोज, कॅल्क्युलेटर, स्टोअर ही वेगळ्या पाकिटात बांधून येणारी ॲप्स. एसएफसीच्या सातबाऱ्यावर त्यांची नोंदच नसते. मोजणी त्याच्या गटाची, घर पडलं शेजारच्या गटातलं. या कमांड चालवू नका असं माझं म्हणणं नाही, अर्धा तास जातो एवढंच, पण ॲप्स उपटल्यानं झालेल्या बिघाडावर त्यांच्याकडून फार आशा ठेवू नका.

आणि तुमच्याकडं फक्त तीनच गोष्टी गेल्या असतील, स्टोअर, एज आणि वेबव्ह्यू२, तर खालचं काहीच करायची गरज नाही. एज आणि वेबव्ह्यू२ चे इन्स्टॉलर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मिळतात. स्टोअर परत आणायला डब्ल्यूएसरीसेट या कमांडपुढं उणे आय जोडून (wsreset -i) चालवायचं आणि पाच-दहा मिनिटं चहा प्यायला जायचं. स्टोअर आलं की फोटोज, कॅल्क्युलेटर तिथून. तुमचं एवढ्यावर भागलं तर तुम्ही सुटलात.

आमचं भागलं नाही. स्क्रिप्टनं सिक्युरिटीचं ॲप काढलं होतं, अपडेट बंद केलं होतं, काही सर्व्हिस बंद केल्या होत्या, आणि आणखी काय काय केलं ते तिनं खिडकीत लिहिलंही असेल, पण पुतण्यानं खिडकी बंद केली होती. काय गेलं हेच माहीत नसेल तर एकेक परत आणण्याला अर्थ नाही. आता मोठं काहीतरी करणं आलं.

मोठं म्हणजे तीन रस्ते. पहिला फॉरमॅट, ज्याचा मी विचारही केला नाही. चौकातला पोरगा चार-पाचशे रुपयांत मारून देतो आणि काम चोख करतो, पण त्याच्या हातून आलेलं मशीन म्हणजे रिकामी खोली. दुसरा रीसेट. तिसरा, चालू विंडोजवरच तेच विंडोज पुन्हा टाकायचं. त्याला कुणी रिपेअर इन्स्टॉल म्हणतं, कुणी इन-प्लेस अपग्रेड. आमच्याकडं आपलं वरून विंडोज टाकणं.

काउंटरचा लॅपटॉप आधी घेतला, कारण त्याच्यावाचून दोन दिवस निघाले असते. तेवढं एक शहाणपण नशिबानं सुचलं.

रीसेट करायला सोपं आहे, यात वाद नाही. सेटिंग्जमध्ये जायचं, रिकव्हरी, रीसेट. ते विचारतं, माझ्या फाइली ठेवू की सगळं काढू? मी फाइली ठेव म्हटलं. मग विचारतं, विंडोज मशीनमधल्याच फाइलींतून उभं करू की इंटरनेटवरून उतरवू? इथं मात्र उतरवायलाच सांगा. मशीनमधलं सामान आधीच कुणीतरी उचकटलेलं आहे, त्यातूनच नवं घर बांधायला सांगण्यात काय हशील? चार-एक जीबी डेटा जातो. जेवायला गेलो तेव्हा लावलं, चारच्या चहाला लॅपटॉप नव्यासारखा समोर. फोटोज आहे, कॅल्क्युलेटर आहे, स्टोअर आहे, सिक्युरिटी हिरवी. काढून टाकलेलं एकूण एक ॲप परत. रीसेटचं हे यश मोठं आहे आणि वरून विंडोज टाकण्यात ते इतकं साफ मिळत नाही, ते पुढं येईलच.

डेस्कटॉपवर एक फाइल होती. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांची यादी. कोरल आणि पेजमेकर हे डिझाइनचे प्रोग्रॅम, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. यादी बघून मला फार काही वाटलं नाही. हे जाणार हे ठाऊक होतं, रीसेट तसं आधी सांगतंच. संध्याकाळभरात टाकू, असा हिशेब होता. फाइली शाबूत होत्या. गेल्या नऊ वर्षांची पावतीपुस्तकं, मंडळावार फोल्डर, सगळं जिथल्या तिथं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी एक जुनी फाइल उघडली आणि हाक मारली. "अहो, हे काय झालंय बघा."

पडद्यावर मंडळाचं नाव असायचं तिथं इंग्रजी अक्षरांचा भाजीबाजार. मोठा जे, लहान यू, मध्येच कंस, डॉलर, उलटा स्वल्पविराम. पावतीवरचं अष्टविनायकाचं चित्र तसंच, चौकट तशीच, रुपयांचा रकाना तसाच, फक्त मराठी अक्षर एकही नाही.

ज्यांनी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेताच्या, आधीचं डीटीपी केलंय त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की जुन्या मराठी फॉन्टमध्ये मराठी अशी नसतेच. फाइलीत इंग्रजी अक्षरांचे आकडे साठवलेले असतात आणि फॉन्ट त्या आकड्यांच्या जागी क, ख, ग काढून दाखवतो. फॉन्ट गेला की खालचा सांगाडा उघडा पडतो. फाइल ठेवली, असं रीसेट म्हणतं, आणि ते खोटं नाही. एक बाइटसुद्धा हललेला नव्हता. पण तीनशेच्या घरात फॉन्ट, जे मी वर्षानुवर्षं विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकत आलो होतो, ते रीसेटच्या दृष्टीनं माझ्या फाइली नव्हते. विंडोजच्या फोल्डरमधलं ते विंडोजचं, आणि विंडोज तर नवं आलं.

मग फॉन्ट परत टाका की, असं तुम्ही म्हणाल. इथं २०१९ चा पूर मध्ये येतो.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ४५ फूट ही धोक्याची पातळी. मारुती चौकात पाणी येतं हे आम्हाला नवीन नाही, पण इतकं येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सीपीयू आणि मॉनिटर आदल्या रात्री विश्रामबागेत बहिणीकडं नेले. प्रिंटर माळ्यावर टाकला. काउंटरखालचा खण मात्र राहिला, आणि त्या खणात सगळ्या सीडी. फॉन्टच्या, टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या, त्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. पाणी उतरल्यावर खण उघडला तेव्हा चिखलाची वडी निघाली. तेव्हा काही बिघडलं नाही, कारण मशीनमध्ये सगळं चालू होतं. पुढं नवं मशीन घेतलं, लॅपटॉप घेतला, तेव्हा जुन्या मशीनमधूनच सगळं आणलं. बॅकअप मी इमानदारीनं ठेवत आलो आहे, दर अमावास्येला बाहेरच्या डिस्कवर. फाइलींचा. फॉन्टचा बॅकअप घ्यायचा असतो हे डोक्यातच आलं नव्हतं.

सुदैवानं आतलं डिझाइनचं मशीन अजून रीसेट केलेलं नव्हतं. लंगडत का होईना, फॉन्ट त्यात होते. पेनड्राइव्हवर घेतले, लॅपटॉपवर टाकले, फाइली वाचता यायला लागल्या. पण टाइप? टायपिंगचं सॉफ्टवेअर असं नुसतं उचलून आणता येत नाही. त्याला सेटअप लागतो, नंबर लागतो. ती आवृत्ती आता मिळत नाही, नवी घ्यावी लागली. पैसे गेले त्याचं एवढं नाही. नव्या आवृत्तीत काही जोडाक्षरांच्या जागा बदललेल्या. काकूंची बोटं वीस वर्षं जिथं पडत आली तिथंच पडणार. त्यात प्रिंटर, त्यात सहीचं टोकन, त्यात पेजमेकर ७, जे २००१ चं आहे आणि ज्याच्या प्रत्येक खिडकीतली मापं मी हळूहळू बसवलेली होती. पाच दिवस गेले. मंडळांची पोरं दारात, "दादा, पुस्तकं कधी देताय? वर्गणीला निघायचंय." रीसेटला लागलेले तीन तास आणि त्यानंतरचे पाच दिवस, मी हे एकच खातं धरतो.

मला रीसेट नकोसं झालं ते इथं. ते संथ आहे म्हणून किंवा फसतं म्हणून नव्हे. माझं काम ज्यावर उभं होतं ते त्याच्या लेखी माझं नव्हतंच.

आता दुसरं मशीन. इथं आधीच ठरवलं, वरूनच टाकायचं.

पद्धत तुम्हाला माहीत असेल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी विंडोजची सीडी एका फाइलीत, घ्यायची, चालू विंडोजमध्येच डबल क्लिक करून उघडायची आणि आतला सेटअप चालवायचा. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून नव्हे. इथं भलेभले चुकतात. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर प्रोग्रॅम ठेवायचा पर्यायच मिळत नाही. सेटअप शेवटी विचारतो, काय ठेवू? फाइली आणि ॲप्स दोन्ही, असं म्हणायचं. बस्स.

माझ्या पडद्यावर तो पर्याय फिका होता, दाबताच येईना. फक्त फाइली ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका. म्हणजे परत रीसेटच!

घाम फुटला, खोटं कशाला सांगू. रात्रभर आयएसओ उतरवलेली, सहा जीबीच्या वर, आमच्या बोळात नेटचा वेग जो आहे तो आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी कारण कळलं. आयएसओ घेताना भाषा विचारतात. इंग्रजी दोन प्रकारची असते, एक अमेरिकन, एक आंतरराष्ट्रीय, म्हणजे खरं तर ब्रिटिश. आपण काही अमेरिकेत राहत नाही, असा साधा विचार करून मी आंतरराष्ट्रीय घेतली होती. मशीनमधलं विंडोज मात्र मुळातच अमेरिकन. सेटिंग्जमध्ये भाषा इंडियाची दिसत होती, पण ती वरची रंगरंगोटी. मूळ भाषा जुळली नाही तर ॲप्स ठेवायला विंडोज तयार होत नाही. कलर हा शब्द कसा लिहायचा यावरून माझं पेजमेकर जाणार होतं! परत उतरवली, परत एक रात्र. तेव्हा आयएसओ घेण्याआधी मूळ भाषा तपासाच, डिझमलाच विचारलं तर ते सांगतं. आवृत्तीही मशीनमध्ये आहे तीच किंवा त्याहून नवी लागते. लॅपटॉपबरोबर येणारं होम सिंगल लँग्वेज असलं तर काळजी नको, साइटवरच्या सर्वसाधारण आयएसओत ते धरलेलं असतं.

दुसऱ्या रात्री पर्याय उजळला. दाबला आणि घरी गेलो, आणि त्या रात्री मला झोप आली असं म्हणणार नाही.

सकाळी मशीन सुरू केलं. वॉलपेपर तोच. कोरल उघडलं, सर्वांत जुनी फाइल काढली. २०१५ ची, गणपती पेठेतल्या एका अडत्याचं बिलबुक. मराठीत. टायपिंगचं सॉफ्टवेअर नंबर न विचारता चालू. प्रिंटरनं पहिलं पान काढलं. बिलिंगची खिडकी पांढरी राहिली नाही, वेबव्ह्यू२ परत आलेलं. एज परत आलं, अपडेट चालू, सिक्युरिटी हिरवी. नऊ वाजता मी कामाला लागलेलो.

फोटोज आणि कॅल्क्युलेटर मात्र आले नव्हते. मी म्हटलं होतं ना, वरून टाकण्यात हे साफ होत नाही. कारण मजेदार आहे. ॲप मशीनच्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी काढून टाकलं की विंडोज त्याचा फेरफार रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या वहीत, नोंदवून ठेवतं, अमुक ॲप मालकानं काढलेलं आहे, पुढच्या वेळी परत लावू नये. म्हणजे विंडोजनं आमचा हुकूम इमानदारीनं पाळला होता, फक्त तो पुतण्याचा होता. रजिस्ट्रीतल्या या नोंदी आधी पुसून मग सेटअप चालवला असता तर सगळं एकदम आलं असतं, असं नंतर वाचलं. मी डब्ल्यूएसरीसेटनं स्टोअर आणलं आणि स्टोअरमधून बाकीचं. वीस मिनिटं. या वीस मिनिटांचा त्रास ज्यांना मोठा वाटेल त्यांच्यासाठी रीसेट खरंच बरं.

आणि एक जागेचा प्रश्न. जुनं विंडोज बाजूला काढून ठेवलं जातं, त्यामुळं दहा दिवस परत फिरता येतं, पण तेवढे दिवस डिस्क भरलेली. सी ड्राइव्ह आधीच गच्च असेल तर सेटअप पहिल्याच पायरीवर थांबवतो.

आता हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, आयएसओ, भाषा, फेरफार, एवढं कोण करणार? विंडोज ११ वर आता सेटिंग्जमधल्या रिकव्हरीच्या पानावरच एक बटण आलंय, अपडेटमार्फत दुरुस्त करा असं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून हळूहळू सगळ्यांकडं पोचलं. ते दाबलं की चालू आवृत्तीच वरून टाकली जाते, फाइली, ॲप्स, सेटिंग्ज ठेवून. भाषेची भानगड नाही, आयएसओ शोधणं नाही. तुमचं अपडेट धड असेल तर हेच आधी करा, आयएसओ नंतर. माझं झालं नाही कारण स्क्रिप्टनं अपडेटचाच गळा दाबला होता. विंडोज १० वर हे बटण नाही. तसंही १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला, तेव्हा मशीन पेलत असेल तर दहाच्या वर अकराचाच सेटअप चालवला तर दुरुस्ती आणि बदल एकाच खर्चात होतो. ॲप्स त्यातही राहतात.

रीसेट कुणी करावं? ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं, त्यानं खुशाल. कॉलेजचा लॅपटॉप, घरातला टीव्ही बघायचा लॅपटॉप, विकायला काढलेलं मशीन. पुतण्यानं स्वतःच्या लॅपटॉपवरही तीच स्क्रिप्ट मारली होती हे महिनाभरानं कळलं. त्यानं रीसेट केलं, तासाभरात कामाला लागला, त्याला काही फरक पडला नाही. त्याचं सगळं ढगात, म्हणजे ऑनलाइन, आहे. आणि मशीन डेस्कटॉपपर्यंतच येत नसेल तर वरून टाकायचा रस्ता बंदच, कारण तो आतूनच निघतो. फक्त स्टार्ट मेनू मेला असेल तर घाबरू नका, टास्क मॅनेजर उघडून तिथून सेटअप चालवता येतो. मी एका ओळखीच्या बिलबुकवाल्याचं मशीन असंच सोडवलं.

रीसेट करणार असाल तर दोन गोष्टी आधी. एक, डिस्कला कुलूप असेल, म्हणजे बिटलॉकर, तर त्याची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का ते दुसऱ्या फोनवरून बघून कागदावर उतरवा. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप तुम्हाला न कळत लागलेलं असतं. दुसरं, फॉन्ट फोल्डर कॉपी करा. आत्ता, हे वाचताना.

रीसेटवरचा माझा राग थोडा वैयक्तिक आहे, हे मला कळतं. तरी एक नोंद करून ठेवतो. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज १० वर आणि अकराच्या २२एच२, २३एच२ आवृत्त्यांवर रीसेटच अर्ध्यात फसत होतं. आठवड्याभरात, १९ ऑगस्टला, मायक्रोसॉफ्टनं वेगळी दुरुस्ती काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी एका अपडेटनंतर रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनात, तेही सहा दिवसांत दुरुस्त झालं. दोन्ही निस्तरलं, तक्रार नाही. पण रिकव्हरीच्या पडद्यावर जाऊन बसायचं आणि तिथं माउस हलत नाही, ही कल्पना मला करवत नाही. वरून टाकताना निदान आपण आपल्या डेस्कटॉपवर असतो.

पुतण्या यंदाही आला होता. आल्या आल्या म्हणाला, "काका, आतलं मशीन परत रखडतंय की." मी त्याला पावत्या मोजायला बसवलं.

काउंटरच्या लॅपटॉपवर 'ज्ञ' अजून जुन्या जागी नाही. काकू घाईत असल्या की 'ज्ञानेश्वर'चं भलतंच काहीतरी होतं, आणि मग त्या उठून आतल्या मशीनवर येतात, तो एक शब्द टाइप करतात आणि पेनड्राइव्ह घेऊन परत बाहेर जातात.